एका झोपेभोवती अकरा जणी

जानेवारीतला तिसरा रविवार, सकाळचे साडेदहा. वर्गणी प्रत्येकी दीडशे रुपये, बारा जणी, एकूण अठराशे. हजर: मी धरून आमच्या इमारतीतल्या अकरा आया, आणि बाराव्या तळमजल्यावरच्या आजी. त्यांची मुलं परदेशात आहेत, पण आई त्याही आहेतच. शिवाय सात मुलं. पुरुष एकही नाही. आमच्या ह्यांना मी दुपारी तीनपर्यंत चेन्नईच्या दुसऱ्या टोकाला, आवडी नावाच्या उपनगरात, त्यांच्या जुन्या मित्राकडे पाठवून दिलं होतं.

हे सगळं सातव्या मजल्यावरच्या मुलीसाठी होतं, पण ते तिला सोडून कुणालाच माहीत नव्हतं, आणि तिलाही मी तसं सांगितलं नव्हतं, तिनं ओळखलं होतं. ती नाशिकची, नवरा इथल्याच पेरुंगुडी भागातल्या एका कंपनीत, बाळ आठ महिन्यांचं. डिसेंबरात लिफ्टमध्ये मी तिला मराठीत बाळाचं वय विचारलं आणि ती उत्तर न देता रडायला लागली. सातवा मजला आला, ती उतरली नाही. माझ्याबरोबर नवव्यावर आली, चहा घेतला आणि मग बोलली. इथं आल्यापासून घराबाहेरच्या माणसाशी ती नीट बोललीच नव्हती. बाळ रात्री चार-पाच वेळा उठायचं. नवऱ्याला तिची काळजी होती, म्हणून त्यानं जानेवारीतल्या एका बुधवारचं माहेरचं तिकीट काढून ठेवलं होतं. फक्त जाण्याचं.

"एकदा गेले की मी परत येणार नाही, काकू," ती म्हणाली. "त्यालाही ते कळतंय. आम्ही दोघं त्यावर बोलत नाही एवढंच."

मी तिला धीर वगैरे दिला नाही. मला तो देता येत नाही. पण मला आवडीतली क्वार्टर्स आठवली. लग्नानंतर ह्यांच्या कारखान्याच्या वसाहतीत आम्ही राहायला आलो, तेव्हा माझा मुलगा तान्हा होता आणि मला तमिळ येत नव्हतं. एका मंगळवारी मी दिवसभरात किती शब्द बोलले ते मोजले होते. सतरा. त्यांतले अकरा दूधवाल्याशी. पुढे एका शाळेच्या ऑफिसात हिशेब लिहायला लागले, लाखांचे आकडे हाताखालून गेले, पण तो सतराचा आकडा काही डोक्यातून गेला नाही.

म्हणून इमारतीच्या ग्रुपवर मी निरोप टाकला: आयांनी एकत्र जमायचं, ओळखी करून घ्यायच्या. 'ब्रंच' हा शब्द तिसऱ्या मजल्यावरच्या दिल्लीच्या बाईंनी सुचवला. समोरच्या फ्लॅटमधल्या तमिळ शेजारणीनं लगेच मला टोमणा मारला की अकरा वाजता त्यांच्याकडे जेवणाची वेळ होते, मग हा तुमचा उशिराचा नाश्ता की लवकरचं जेवण ते एकदा ठरवा, म्हणजे घरी किती खाऊन यायचं ते कळेल. मी म्हटलं, अर्धपोटी या.

तयारी मी माझ्या पद्धतीनं केली. इडल्या नि मेदूवडे गेटजवळच्या मेसवाल्या अम्मांकडून, पोहे घरचे, फिल्टर कॉफी, केळी आणि पपई. प्रत्येकीनं पाच मिनिटं ओळख करून द्यायची, बारा पंचे साठ, म्हणजे साडेअकरापर्यंत सगळ्या एकमेकींच्या ओळखीच्या. कागदावर क्रमसुद्धा लिहिला होता.

ती माझी चूक. सगळ्या भिंतीला धरून खुर्च्यांवर बसल्या, तमिळ बोलणाऱ्या खिडकीकडे, हिंदीवाल्या दाराकडे, आणि एकेक जण उभी राहून ऑफिसात बोलावं तसं बोलू लागली. नाव, नवऱ्याची कंपनी, मुलाची इयत्ता. झालं की टाळ्या. मी घड्याळ बघत होते. सहाव्या ओळखीला एका बाईनं जांभई दाबली आणि मला कळलं की हे काही होत नाहीये. सातव्या मजल्यावरची मुलगी दहाव्या क्रमांकावर होती. फळ्यापाशी बोलावणार हे ठाऊक असलेली मुलं बघतात, तशी ती माझ्याकडे बघत होती.

तेवढ्यात तिचं बाळ कुरकुरलं. हॉलच्या मधोमध मी मुलांसाठी माझ्या आईच्या हातची गोधडी अंथरली होती. तिनं बाळाला गोधडीवर ठेवलं आणि शेजारी एका कुशीवर होऊन थोपटायला लागली. आठव्या ओळखीच्या वेळी तिचा हात चालू होता. नवव्या ओळखीच्या वेळी तो थांबला. बाळ जागं होतं, पायाचा अंगठा तोंडात घालून पंख्याकडे बघत होतं. आई झोपली होती.

मी कागद हातात घेऊन उठले. आता तिचा नंबर होता. तिला हलवावं म्हणून वाकले, तर समोरच्या शेजारणीनं माझं मनगट धरलं.

"तूंगट्टुम," ती म्हणाली. म्हणजे झोपू दे.

तळमजल्यावरच्या आजी तंजावरच्या जुन्या मराठी घराण्यातल्या. त्यांची मराठी ऐकायला मला नेहमी थोडं थांबावं लागतं, तिच्यात तमिळचे हेल असतात आणि माझ्या पणजीच्या तोंडी शोभतील असे शब्द. पण त्या दिवशी त्या जे म्हणाल्या ते सगळ्यांना कळलं. त्या खुर्चीवरून सावकाश खाली आल्या, बाळाला मांडीवर घेतलं आणि म्हणाल्या, "निजू दे लेकीला. किती दिसांची झोप आहे ही."

मग जे झालं ते माझ्या कागदावर नव्हतं. ती उठू नये म्हणून सगळ्या हळू बोलायला लागल्या. हळू बोललं की लांबच्या खुर्चीवर ऐकू येत नाही, म्हणून एकेक जण खाली उतरली आणि गोधडीच्या कडेनं येऊन बसली. खिडकीची बाजू आणि दाराची बाजू कधी मिसळली ते मी पाहिलं नाही. डोक्याला डोकी लागली होती. कुणी कोणत्या भाषेत बोलत होतं ते धड कळत नव्हतं, आणि कुणाचं त्यावाचून अडतही नव्हतं. दिल्लीच्या बाई सांगत होत्या की पहिल्या बाळंतपणानंतर त्या बाथरूममध्ये नळ सोडून रडायच्या. शेजारीण म्हणाली की ती अजूनही सोडते, मुलगी दहावीत आहे तरी. त्यावर सगळ्या हसल्या, तोंडावर पदर, ओढण्या, हात धरून, आवाज न करता, खांदे हलवत. इतक्या जणींचं आवाज नसलेलं हसणं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

बारा वाजता समुद्राकडचा वारा आला. पडदे फुगले, मिटले, पुन्हा फुगले. आमच्या खिडकीतून पाणथळ दिसतं, आणि त्या दिवसांत तिथं फ्लेमिंगो उतरलेले असतात. लांबून ते पाण्यावरच्या गुलाबी ठिपक्यांसारखे दिसतात. मी एरवी मोजते. त्या दिवशी चाळीसपर्यंत मोजले आणि सोडून दिले. हॉलमध्ये कॉफीचा नि मोगऱ्याचा वास होता, बाळ या मांडीवरून त्या मांडीवर जात होतं, अकरा मांड्या, मीही दोनदा घेतलं. ज्यांची मुलं मोठी झाली होती त्या त्याला जरा जास्त वेळ धरून ठेवत होत्या. मधोमध ती झोपलेली, गोधडीच्या एका निळ्या तुकड्यावर गाल टेकवून. ताटं न वाजवता आम्ही जेवलो. घरात एवढी माणसं असून घर पाण्याखाली असल्यासारखं शांत होतं.

ती दोन वाजून दहा मिनिटांनी उठली. तीन तास होऊन गेले होते. तिला लाज वाटली. ओळख राहिली, काही खाल्लंही नाही, पैसे मात्र भरले, असं काहीतरी ती म्हणायला लागली. तोवर आजी तिच्या केसांत मोगरा माळत होत्या आणि दिल्लीच्या बाई तिला सांगत होत्या की तुझ्या बाळाला पपई आवडते, तुला माहीत होतं का? तिला माहीत नव्हतं.

तिच्या वाट्याच्या चार इडल्या, दोन वडे आणि पोहे मी स्टीलच्या डब्यात भरून दिले. डब्यावर माझं नाव कोरलेलं आहे.

तिचं तिकीट त्याच बुधवारचं होतं. सोमवारी डबा आला नाही. मंगळवारी सकाळीही नाही. आता हे ज्याला कळायचं त्याला कळेल: आमच्याकडची मुलगी कुणाचं भांडं घरात ठेवून कायमची गावाला जाणार नाही. ती सगळ्यात आधी भांडी पोचवेल. म्हणून डबा न येता गेलेला प्रत्येक तास मला बरा वाटत होता. मी स्वयंपाकघरात काम करत होते आणि बेल वाजू नये अशी मनातल्या मनात इच्छा करत होते.

मंगळवारी संध्याकाळी पाच वाजता बेल वाजली. दारात ती होती, कडेवर बाळ, हातात माझा डबा. मी डबा घेतला. तो जड होता, आणि कोमट.

"शिरा आहे," ती म्हणाली. "रिकामा कसा देणार. आणि काकू, डबा लगेच पुन्हा भरून पाठवू नका. मी उद्या जातेय."

मी म्हटलं, "बरं."

"पंधरा दिवसांनी येतेय. आल्यावर घेईन." मग तिनं बाळाला दुसऱ्या कडेवर घेतलं. "परतीचं तिकीट काल काढलं. दोघांनी मिळून. तो म्हणाला, तू आलीस की मग त्या बायकांना आपल्याकडे बोलाव. मी म्हटलं, आपल्याकडे गोधडी नाही. तर म्हणाला, येताना माहेरून घेऊन ये."

शिरा थोडा गोड जास्त होता. तो मी खाल्ला आणि वही काढली. मेसवाल्या अम्मांना नऊशे ऐंशी दिले होते, दूध आणि कॉफी दोनशे सत्तर, फळं दोनशे ऐंशी, गेटवरच्या फुलवालीला मोगऱ्याचे एकशे वीस. एकूण सोळाशे पन्नास. पोहे घरचे, ते धरले नाहीत. शिल्लक दीडशे. बुधवारी सकाळी टॅक्सी खाली उभी असताना ते दीडशे रुपये मी सातव्या मजल्यावरच्या मुलीच्या हातात दिले, फेब्रुवारीत तिच्या घरी होणाऱ्या ब्रंचच्या खर्चापोटी आगाऊ, आणि तिची सही घेतली.