उष्टी लाईन

सिदू पाणी सोडतो. "सिदू आला का?" असं गावात कुणी विचारलं, की त्याचा अर्थ पाणी आलं का, एवढाच असतो. माणूस आणि पाणी यांत गावानं फरक ठेवलेला नाही. पाणी आलं नाही तर शिवी मात्र माणसालाच बसते.

गाव धारूरच्या डोंगराच्या उतारावर आहे. सगळ्यांत वर टाकी. टाकीच्या खाली उपसरपंच अमरसिंह बापूंचा बंगला, मग देऊळ, पेठ, शाळा, आणि उतार जिथं संपतो तिथं नाल्याकाठी सिदूची वस्ती. पाण्याची लाईनही याच क्रमानं खाली येते. पाणी आठवड्यातून एकदा. टाकीच्या पायथ्याशी एक खड्डा आहे, त्यात मुख्य व्हॉल्व्ह. सिदू त्यात लांब दांड्याची लोखंडी चावी घालतो, उघडतो, आणि गाव भरलं की बंद करतो. दोन्ही वेळेला चावी तीच असते, फिरवायची दिशा फक्त वेगळी.

त्याची आई छबुबाई अंबाजोगाईच्या दवाखान्यातून परत आली तेव्हा तिचं अंग इतकं हलकं झालं होतं, की जीपमधून उतरवताना सिदूला वाटलं, आपण नुसतं लुगडंच उचललंय. वस्तीत घरटी एकाला तरी हगवण लागली होती. डॉक्टरांनी निघताना सांगितलं, पाण्यातून झालंय. पुन्हा झालं तर म्हातारी टिकायची नाही. पाण्यातून, हा शब्द सिदूच्या कानात तसाच राहिला. पाणी तर तोच सोडत होता.

वनमाला, त्याची बायको, पाणी उकळून द्यायला लागली. पण छबुबाईला ते पटेना.

"मेलेलं पानी हाय हे," ती म्हणायची. "ह्याला चव न्हाई." आणि सून कामावर गेली की शेजारणीच्या माठातलं दोन घोट पिऊन यायची. चौकीदार ठेवायला घरात माणूस नव्हतं.

पाणी आलं की पहिल्या धारेला पिवळट फेस येतो आणि त्याला गुळाचा वास असतो, हे वनमालानंच त्याला दाखवलं होतं. गुळाचा वास नळाला कसा, हे त्याला कळेना. कळलं ते अचानक. एका पाण्याच्या दिवशी व्हॉल्व्ह बंद करून तो बापूंच्या बंगल्यामागून खाली निघाला होता. आवारात जीवामृताचा निळा ड्रम होता. शेण, गोमूत्र, गूळ, बेसन घालून बापू शेतासाठी ते आंबवत. त्याला गोडं पाणी लागतं, आणि त्यांची बोअर खारी. म्हणून नळाला लावलेली रबरी नळी ड्रमच्या तळापर्यंत सोडलेली असायची. नळाला तोटी नव्हती. गावात कुणाच्याच नळाला नाही; आठवड्यानं येणारं पाणी अडवायचं कशाला?

सिदू थबकला. ड्रममधून चुर्र चुर्र असा आवाज येत होता. तो जवळ गेला. वरचा फेस हळूहळू खाली बसत होता. नळी पाणी देत नव्हती, पीत होती.

मग सगळा उतार त्याच्या डोळ्यांसमोर उभा राहिला. वर व्हॉल्व्ह बंद झाला. लाईनमधलं पाणी खालच्या उघड्या नळांतून वाहून चाललं. मागं पोकळी झाली, आणि ती पोकळी जे सापडेल ते ओढायला लागली. पेठेत कुणी नळाला मोटार जोडली की पाणी चालू असतानाही हेच होत असणार. ते ओढलेलं लाईनमध्ये आठवडाभर पडून राहायचं आणि पुढच्या पाण्याला पहिल्या धारेबरोबर त्याच्या आईच्या तांब्यात यायचं.

पहिल्यांदा त्यानं गुपचूप टाकीत जंतू मारायची टीसीएल पावडर वाढवली. दुसऱ्या दिवशी बापूंचा फोन. "सिद्या, औषध कमी टाक रे. माझं जीवामृत मेलं. त्यातले जीवाणू जगले पायजेत." ते जगले पाहिजेत, हे सिदूनं ऐकून घेतलं.

मग तो ग्रामसेवकाकडे गेला. शिवशंकर भाऊसाहेब भला माणूस. त्यांना लगेच समजलं. पाणी उलटं जाऊ न देणारी झडप त्या कनेक्शनला बसवली की झालं, असं तेच म्हणाले.

"मग बसवू या की, भाऊसाहेब."

"कनेक्शन बापूंच्या आवारात, फरशीखाली. फरशी फोडायला त्यांची परवानगी पाहिजे."

"अन् ते न्हाई म्हनले तर?"

"तर मासिक सभेत ठराव."

"ठराव कोन मांडतं?"

भाऊसाहेबांनी चष्मा काढून पुसला. "पाणीपुरवठ्याचा विषय उपसरपंचांकडं असतो." दोघंही हसले. हसण्यासारखं दुसरं काही तिथं नव्हतं.

अमरसिंह बापू वाईट माणूस असते तर बरं झालं असतं. वाईट माणसाशी निदान भांडता येतं. बापूंनी विषारी फवारण्या सोडल्या होत्या, गाई पाळल्या होत्या. सिदूच्या मुलीच्या लग्नात वस्तीच्या पंगतीत मांडी घालून जेवले होते आणि वाढणाऱ्याकडं आणखी भात मागितला होता. पाण्याचं हे कामही सिदूला त्यांच्याच शब्दानं मिळालं होतं. सिदूच्या अंगावर त्यांच्या चांगुलपणाचं ओझं होतं, आणि ते खाली ठेवायला जागा नव्हती.

त्यानं बरेच दिवस मनात शब्द जुळवले. पोकळी, दाब, उलटा प्रवाह हे सगळं त्याच्या तोंडात खडे घातल्यासारखं वाटे. घरातलाच एखादा शब्द हवा होता, ऐकल्याबरोबर कळणारा. तो सापडला तेव्हा त्याला बरं वाटलं.

बापू ओट्यावर पेपर वाचत होते.

"बापू, एक सांगायचं व्हतं."

"सांग की. कामून असा चोरावानी उभा हाय?"

"ती ड्रममधली नळी जरा वर धरायला पायजे. इतभर वर. पाणी वरून पडलं पायजे."

"वरून पडलं की फेस व्हतो, समदं उतू जातं. अन् वर कशाला?"

"तिनं तोंड लावलं की लाईन उष्टी व्हती, बापू. तांब्याला तोंड लावल्यावानी. मी व्हॉल्व्ह बंद केला की लाईन वढती, ड्रममधलं आत जातं, अन् खाली आमच्याकडं येतं. तवा तोंड लावू नका, वरून घ्या. येवढंच."

बापूंनी पेपरची घडी घातली. फार सावकाश घातली.

"काय म्हणला? आमी तोंड लावू न्हाई?"

"तुमी न्हाई बापू, नळी..."

"आमचं उष्टं तुमच्याकडं येतं. असं म्हणला तू. अन् आमी वरून घ्यावं."

"नळीचं बोलतोय मी."

"आमच्या आज्यानं पाळलं आसंल. मी न्हाई पाळत. तुझ्या आईला ह्याच ओट्यावर, ह्याच कपात चहा दिलाय मी. अन् माझ्या दारात येऊन तू मला जात शिकवतो बे?" बापूंचा आवाज चढला नाही, उलट तो खाली गेला, आणि त्यात खरोखर लागल्याची खूण होती. "अन् गाईचं हाय ते. गाईच्या शेणानं कुणाला हगवण लागती व्हय?"

सिदू उतार उतरत होता तेव्हा त्याला कळलं, आपण उचललेला शब्द आपल्या एकट्याचा नव्हता. त्याला आधीच कितीतरी तोंडं लागली होती. आई लहान असताना बापूंच्या आजोबांच्या विहिरीवर दोन्ही हातांची ओंजळ करून उभी राहायची, आणि वरचा माणूस पोहरा तिच्या हाताला लागू न देता वीतभर उंचीवरून पाणी ओतायचा. सिदूनं मागितलं ते नेमकं तेवढंच अंतर. घाणीपासून पाणी वेगळं ठेवायला जेवढी मोकळी जागा लागते, तेवढीच माणसापासून माणूस वेगळा ठेवायला वापरली गेली होती. आता ती जागा दुसऱ्या कशासाठी मागायची, तर त्यासाठी भाषेत शब्द उरला नव्हता.

घरी त्यानं सांगितलं तेव्हा छबुबाई खोकला येईपर्यंत हसली.

"त्याला वरून घे म्हनला? तू?"

"नळीला म्हनलो, माय."

"नळीला जात नसती व्हय रे, येड्या?" मग ती भिंतीकडं तोंड करून पडली.

पुढच्या पाण्याच्या दिवशी सिदूनं सकाळीच चावी घातली, आणि दांडा धरून खड्ड्याच्या कडेला बसून राहिला. उघडलं तर कधीतरी बंद करावं लागणार. बंद केलं की लाईन ओढणार. न उघडावं तर गाव कोरडं. चावी फिरवली तरी आई, नाही फिरवली तरी आई. कारण घरातलं पाणी कालच संपलं होतं.

थोड्या वेळात फोन सुरू झाले. मग माणसं आली. पेठेतला किराणावाला आप्पाराव सगळ्यांत पुढं.

"सिद्या, पाणी काय तुझ्या बापाचं हाय का?"

"टाकीला राखन बसलाय! नाग झाला हा, नाग!" मागून कुणीतरी म्हणालं, आणि बायका पदर तोंडाला लावून हसल्या.

हंडे घेऊन वस्तीतल्या बायकाही चढून आल्या. त्यांच्यात वनमाला होती. ती त्याच्याजवळ येऊन वाकली. "सोडा अवो. आत्याबाईच्या नरड्यात घालायला घोट न्हाई घरात. आजारानं मरायच्या आदी तहानेनं मारता का?"

सिदूनं सगळ्यांसमोर सांगितलं, की बापूंची नळी ड्रमच्या बाहेर निघाल्याशिवाय तो चावी फिरवणार नाही. उष्टं हा शब्द त्यानं या वेळी टाळला. त्यामुळं ते कुणालाच नीट कळलं नाही.

बापू आले. गर्दी बाजूला झाली. ते सिदूकडं बघत होते आणि वस्तीच्या बायकांकडंही. नळी काढली तर सिदूनं शिकवल्यासारखं होणार, नाही काढली तर या बायकांची आजारपणं गावात त्यांच्या नावावर लागणार. सिदूला एका क्षणासाठी वाटलं, हा माणूसही आपल्यासारखाच खड्ड्याच्या कडेला बसलाय. पण बापू उभे होते, आणि उभ्या माणसाला मार्ग सुचतो.

"मला काय अडचन न्हाई," ते मोठ्यानं म्हणाले. "सिदूला भ्या वाटतं, तर सिदूच धरंल. पाणी आसंल तवर माझ्या ड्रमवर नळी धरून उभं ऱ्हायचं. इतभर वर. बांधायची न्हाई, खिळा ठोकायचा न्हाई, नळाला तोटीबिटी काई लावायची न्हाई. हातानं धरायची. चालतंय का रे?"

"चालतंय की!" आप्पाराव सिदूच्या आधीच म्हणाला. सगळे हसले.

सिदू त्या बोलण्यात फट शोधत राहिला. चारही बाजूंनी ते बंद होतं. आणि आईसाठी ते पुरेसंही होतं.

"चावी कोन फिरवंल?" त्यानं विचारलं.

"बायको हाय की तुझी."

"चालतंय," सिदू म्हणाला.

तेव्हापासून पाण्याच्या दिवशी वनमाला टाकीपाशी असते आणि सिदू बापूंच्या आवारात. नळी उंच धरून तो ड्रमशेजारी उभा राहतो. धार पडते, फेस येतो, शिंतोडे त्याच्या मनगटावर उडतात. हात भरून आला की दुसऱ्या हातात घेतो. बापू त्याच्यासाठी चहा पाठवतात, त्यांच्याच घरातल्या कपात, आणि चहा ओट्यावर निवत जातो, कारण हात मोकळा नसतो. रस्त्यानं जाणारे विचारतात, "काय सिदबा, गाईला पाणी पाजता का?" तो मान हलवतो.

वस्तीतली हगवण थांबली. छबुबाई काठी टेकत शाळेच्या भिंतीपर्यंत जाऊन येते आणि शेजारणीच्या माठातलं उघडपणे पिते. सिदू मासिक सभेच्या आदल्या दिवशी ग्रामसेवकाला भेटला. त्या झडपेचं काय झालं, असं विचारलं.

"आता विषय कसा घेणार?" भाऊसाहेब खालच्या आवाजात म्हणाले. "पेशंट कुठं आहेत? तक्रार कुठं आहे?"

म्हणजे तो उभा आहे म्हणून कुणी आजारी पडत नाही, आणि कुणी आजारी पडत नाही म्हणून त्याला उभं राहायचं आहे. हे त्यानं मनात पुष्कळ वेळा फिरवून पाहिलं. एकदा, फक्त एकदा हात खाली सोडला तर वस्ती आजारी पडेल, तक्रार होईल, ठराव होईल, फरशी फुटेल आणि झडप बसेल. बापूंच्या आवारातून उतारावरची खालची घरं स्पष्ट दिसतात. आपलं घर कोणतं, हे शोधावं लागत नाही.

आज उन्हं चढली तशी धार बारीक झाली. सिदूनं फोन खांद्यानं कानाशी दाबून धरला होता.

"समद्यांचं भरलं," वनमाला म्हणाली. "बंद करू का?"

त्यानं नळीचं टोक बघितलं. खाली फेस, वर नळी, मधे मोकळी जागा. त्यानं दुसऱ्या हातानं मनगट धरलं.

"कर," तो म्हणाला.

धार तुटली. थोड्या वेळानं लाईन उलटी ओढायला लागली. नळीच्या तोंडातून वारा सूं सूं करत आत जाऊ लागला. अंगठा जवळ नेला तर तो ओढला जात होता. सिदू आवाज थांबायची वाट बघत उभा राहिला. वस्तीतले नळ अजून गळत होते, म्हणून तो लवकर थांबत नव्हता.