छपराआधीचं गाऱ्हाणं

एखादं काम चार महिने चाललं की फाइल बोटभर जाड होते आणि किस्से वीतभर! फाइल कपाटात जाते. किस्से मात्र आपल्याबरोबर घरी येतात, ताटावर बसतात आणि पाहुण्यांसमोर हमखास तोंड वर काढतात.

हे किस्से मालवण तालुक्यातल्या एका देवळाचे. कोरोनाचं पहिलं वर्ष होतं. जत्रा बंद, देणगीपेटी रिकामी आणि कोरीव लाकडी खांबांच्या सभामंडपाचं आढं कुजलेलं. पावसाआधी टेकू आणि ताडपत्री मिळाली नाही तर मंडप बसणार, हे दिसतच होतं. तेवढ्यात एका परदेशी संस्थेनं साथीत अडकलेल्या जुन्या वास्तूंसाठी तातडीचा निधी जाहीर केला आणि आम्ही तिघं कामाला लागलो. मी जुन्या इमारतींचे नकाशे काढते. नाना गुरव देवळाचे पुजारी. शब्बीरचाचांचं बंदरावर दोर, जाळी आणि ताडपत्रीचं दुकान.

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. हे आधीच सांगून ठेवते!

*

फॉर्म ऑनलाइन होता आणि गावात रेंज फक्त देवळामागच्या चिऱ्याच्या गडग्यावर, म्हणजे कुंपणाच्या बुटक्या भिंतीवर. तिथे बसून मी एकेक रकाना भरत होते. एक प्रश्न होता, 'सध्या या वास्तूत कोणाचा वावर आहे?' मी लिहिलं, 'कोणाचाही नाही.' देऊळ बंदच होतं, दुसरं काय लिहिणार?

नाना खांद्यावरून वाचत होते. त्यांनी हळूच माझा हात धरला.

"असा लिवू नको गो बाय. तुका दिसनत नाय म्हणान कोण नाय, असा होता काय?"

मी हसले. पण तो रकाना रिकामाच सोडला, हे कबूल करायला हवं.

*

देवळाच्या राखणदाराला नवस फेडायला चामड्याच्या वहाणा वाहतात. चांगल्या हातभर लांब! राखणदार त्या घालून गावाची फेरी मारतो, अशी श्रद्धा. टाळेबंदीच्या आदल्या आठवड्यात एकानं कोरा जोड वाहिला होता. मग देवळाला कुलूप लागलं, ते आम्ही मापं घ्यायला गेलो तेव्हाच उघडलं.

फोटोसाठी मी जोड उलटा केला. टाचा झिजलेल्या. तळाला ओली वाळू. समुद्र तिथून सात-आठ मैल!

मी नानांकडे पाहिलं. नाना शांतपणे वाळू झाडत होते, रोजचंच काम असल्यासारखे. दारात उभ्या चाचांनी मास्क खाली ओढला.

"नाना, आमका बाजारात जावक देनत नाय," ते म्हणाले, "मग ह्येका ई-पास कोणी दिलो?"

*

चाचांची स्वतःची गोष्ट याहून वाईट. भर दुपारी ते टेम्पोत ताडपत्री घालून एकटेच देवळाकडे निघाले. पुलावर पोलिसानं अडवलं. चाचांनी परवानगीचा कागद दाखवला, तोंडावरचा मास्क दाखवला.

"तुमचं ठीक आहे," पोलीस म्हणाला. "मागे ताडपत्रीवर तो उंच म्हातारा बसलाय, त्याचा मास्क कुठे?"

चाचांनी मागे वळून पाहिलं नाही. गुमान दंड भरला आणि टेम्पो सुटला. मी म्हटलं, अहो, निदान भांडायचं तरी!

"कोणाकडे भांडू? पोलिसाकडे, का मागच्याकडे?"

ती पावती ते अजून पाकिटात ठेवतात. तिच्यावर लिहिलंय, 'सहप्रवासी विनामास्क.'

*

आता नानांची अट. गावानं गाऱ्हाणं घातल्याशिवाय छपराला कोणी हात लावायचा नाही. गुरवानं देवाला सांगायचं आणि जमलेल्या गावकऱ्यांनी प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. त्यातला पहिला, सगळ्यांत खणखणीत आवाज कायम नानांच्या धाकट्या भावाचा, तातूचा. तातूनं हाळी दिली की माडांवरचे कावळे उडायचे!

निधी मंजूर झाला, पण संस्थेचीही अट होती. जागेवर पाचापेक्षा जास्त माणसं दिसली तर निधी बंद.

आणि मुंबईत अडकलेला तातू त्याच महिन्यात तिथेच कोरोनानं गेला. नानांना तोंडही बघायला मिळालं नाही. फोनवर एक फोटो आला, तोही प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या देहाचा. मला फार वाईट वाटलं. म्हटलं, नाना, काम राहू दे.

"मंडप पडलो तर तातू म्हणतलो काय?" नाना म्हणाले. "मी एकटोच घालतंय गाऱ्हाणा."

*

दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला नाना रिकाम्या मंडपात उभे राहिले. काम सुरू झाल्याचा पुरावा पाठवायचा होता, म्हणून मी व्हिडिओ घेत होते. चाचा बाहेर दोर धरून उभे.

"बा देवा म्हाराजा! तुझ्या छपराक आज आमी हात लावतोव. पोरांचा काय चुकला तर पोटात घाल रे म्हाराजा!"

आणि सवयीनं ते थांबले. उत्तरापुरते. मंडपात चिटपाखरू नाही. मी 'व्हय' म्हणायला हवं होतं, पण मी व्हिडिओच घेत राहिले. नाना पुढचं वाक्य बोलले, पुन्हा थांबले. असं पाच वेळा. मग चाचांनी पहिला दोर टाकला. मी गडग्यावर जाऊन, न बघताच व्हिडिओ संस्थेला आणि चाचांनाही पाठवून दिला.

तिसऱ्या दिवशी आम्ही तिघंही गडग्यापाशी असताना निधीच्या ऑफिसातून मॅडमचा फोन आला. आवाज कडक.

"तुम्ही नियम मोडलात. निधी थांबवावा लागेल."

"मॅडम, आम्ही तिघंच होतो!"

"कॅमेऱ्यात तिघं असाल. मागे किमान वीस-पंचवीस माणसं ओरडतायत. तुम्हीच ऐका."

आभाळ भरून आलं होतं. आढ्यावर अजून अर्धीच ताडपत्री होती. मी मॅडमना लाइनवर ठेवलं, चाचांच्या फोनवर व्हिडिओ लावला आणि आवाज वाढवला. नानांचं वाक्य. मग ती थांबायची जागा. तिथे एक खणखणीत हाळी आणि तिच्यामागून सगळा मंडप, 'व्हय म्हाराजा!'

चाचांच्या हातून दोर सुटला.

नाना म्हणाले, परत लाव. मी परत लावलं. डोळे मिटून त्यांनी पाचही वेळा शेवटपर्यंत ऐकलं. मग उपरण्यानं तोंड पुसलं आणि माझ्या हातातल्या फोनकडे बोट केलं.

"पयलो आवाज तातूचो. त्या बायेक इतक्याच इचार, तेका माणसांत धरतत काय?"