वरच्या फ्लॅटमधले मृत्यू

वरच्या घरातून सलग तीन संध्याकाळी एका म्हाताऱ्या माणसाच्या किंकाळ्या ऐकू आल्या, तर तुम्ही काय कराल? खरं सांगा, टीव्हीचा आवाज वाढवाल ना?

आमच्याकडे तसं चालत नाही. चौदा एप्रिलच्या जयंतीच्या पत्रकांच्या घड्या घालता घालता मी वाचायला शिकले. अन्याय दिसला की आमच्या घरात आधी कागद बाहेर येतो. म्हणून मी वरच्या मजल्यावर गेले आणि वृद्धांच्या छळाविरुद्धच्या हेल्पलाइनचं पत्रक दाराखालून आत सरकवलं.

"अगं, बेल वाजवायची ना!" आई कपाळावर हात मारत म्हणाली. "माणूस मरतोय आणि तू त्याला वाचायला देतेस!"

दुसऱ्या दिवशी वरचे जपानी काका ते पत्रक घेऊन खाली आले. "छळ चाललाय खरा," ते अस्खलित इंग्रजीत म्हणाले, "पण मीच करतोय. घसा मोकळा करायला मरण्याइतका चांगला व्यायाम नाही."

सत्तरी ओलांडलेले काका नट निघाले. तोक्योत आधी नाटकं, मग परदेशी चित्रपटांना जपानी आवाज, मग कार्टून्स. लग्न करून इंग्लंडला आले आणि इथे वॉटफर्डमध्ये, आमच्याच इमारतीत राहिले. "तिकडे मी राजा होतो, बेडूक होतो, एकदा चहाची किटलीही होतो. इथे आलो आणि लगेच वारलो." इथे त्यांना मिळायची ती फक्त मरायची कामं: कड्यावरून पडून, तलवारीने, एकदा तर विषारी सूप पिऊन.

आता मात्र एका कार्टून चित्रपटात सायकली दुरुस्त करणारे आजोबा हवे होते. चाळीस वर्षं इंग्लंडात राहिलेले, आणि मुख्य म्हणजे शेवटपर्यंत जिवंत. शुक्रवारी ऑनलाइन ऑडिशन होती. नातीचे संवाद वाचायला काकांनी मला बोलावलं.

त्यांचा स्टुडिओ म्हणजे कोटांचं कपाट. आत शिरण्याआधी त्यांनी मला केळं खायला लावलं, कारण भुकेलं पोट माइकमध्ये गुरगुरतं. मग माझ्या रेनकोटकडे बोट दाखवलं.

"हा काढ. तुझ्यापेक्षा जास्त बोलतो."

काकांनी पहिल्याच दमात असे आजोबा उभे केले की मी माझी पुढची ओळ विसरले. लॅपटॉपमधली दिग्दर्शिका म्हणाली, "सुंदर! आता जरा तुटकं इंग्रजी बोलाल? प्रेक्षकांना गोड वाटतं."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात काकांनी माझ्या पायावर पाय दिला.

"आजोबा इथे चाळीस वर्षं आहेत ना?"

"हो, पण थोडंसंच तुटकं…"

काकांनी दीर्घ श्वास घेतला. मग असा घरघरत, हुंदके देत, हँगर खडखडवत प्राण सोडला की दिग्दर्शिका ओरडलीच. "तुमचे आजोबा आत्ताच वारले," काका शांतपणे म्हणाले. "दुसरे शोधा." आणि लॅपटॉप मिटला.

आम्ही कपाटात बसून पोट दुखेपर्यंत हसलो. सोमवारी नकाराची ईमेल आली. त्यानंतर आठवडाभर वरून एकही किंकाळी आली नाही. त्या शांततेत मला टीव्हीचा आवाज वाढवावासा वाटला.

म्हणून आता कागद बाहेर काढते आहे. पुढच्या वेळी पडद्यावरचे एखादे आशियाई आजोबा उगाचच तुटकं इंग्रजी बोलताना दिसले, तर चित्रपट काढणाऱ्यांना दोन ओळी लिहा. विचारा, "यांना नीट बोलू का दिलं नाही?" आणि खाली तुमचं नाव घाला.