एका बाजूची कॅसेट

मन्मथप्पाचं कापडाचं दुकान आमच्या गावच्या पेठेत, मारुतीच्या पारावरून खाली उतरलं की डाव्या हाताला. कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग, मांडीवर लोखंडी गज. कापड मोजताना दुकानदार जरा ताणतो हे साऱ्या जगाला ठाऊक. अप्पा ताणत नसे. पण सैलही सोडत नसे. "ताणलं तर तुमचं जातं, सैल सोडलं तर माजं. कावून कुनाचं जावं?" असं म्हणून कात्री लावायचा. लोक त्याला चिकट म्हणायचे, आणि कापड मात्र त्याच्याकडूनच घ्यायचे.

सरकारनं बाजार मोकळा केला असं पेपरात येऊ लागलं. आमच्या गावात त्या मोकळ्या बाजारातलं पहिलं काय आलं असेल तर केबल टीव्हीची छत्री. मन्मथप्पानंच ती माडीवर बसवली. लिंबाच्या झाडांवरून, लाइटीच्या खांबांवरून काळ्या वायरी पेठेत घरोघर गेल्या. दुपारी पिक्चर, संध्याकाळी कुणाची म्हैस हरवली त्याची पाटी. लग्नाचं शूटिंग करायला त्यानं कॅमेराही घेतला होता. मग सोसायटीची निवडणूक आली तेव्हा त्यानं तो कॅमेरा दोन्ही पॅनलपुढे धरला. आज ह्याचं भाषण, उद्या त्याचं, दोन्ही सारखी. माणसं जेवता जेवता टीव्हीकडं बघून भांडायची, ह्या अंगणातून त्या अंगणात शिव्या जायच्या. अप्पा गादीवर बसून खूश. "ह्याला म्हनत्यात मोजमाप."

पण बायांच्या राखीव जागा आल्या आणि मोजमाप बिघडलं. उभी बाई राहायची आणि कॅमेऱ्यापुढं तिचा नवरा मिशी पुसत बसायचा. ग्रामपंचायतीची निवडणूक लागली तसा अप्पा तालुक्याला गेला आणि तहसिलीतल्या साहेबाला म्हणाला, "मला लिहून द्या. दोन्ही बाजूला सारखा येळ. आन उमेदवारानं सोता बोलायचं, नवऱ्यानं न्हाई." साहेबाला काय, फुकटचं पुण्य. त्यानं लिहून दिलं, शिक्का मारला, आणि खाली आपली एक ओळ घातली: एकच बाजू दाखवू नये, दाखवल्यास केबल बंद करण्यात येईल. अप्पानं कागदाला काचेची चौकट केली आणि महादेवाच्या फोटोशेजारी टांगली.

त्या वर्षी माळावरच्या वस्तीतून कडूबाई उभी राहिली. ऊसतोडीची बाई. अंगानं वाळकी, आवाज मात्र बैलगाडीच्या आखासारखा. तिच्या विरोधात कौशल्याबाई, म्हणजे सुंदररावाची बायको. सुंदरराव गावचा पुढारी, आणि रेशनचं दुकान त्याच्या पुतण्याचं, बंकटचं.

वस्तीची माणसं दिवाळी झाली की ट्रकात बसून उसाला जायची. मतदान त्यानंतर. म्हणजे कडूबाईची मतं मांजरसुंब्याचा घाट ओलांडून निघून जाणार, आणि तिच्या हाताशी उरणार ती पेठेतली माणसं, ज्यांच्या घरात ती कधी उंबऱ्याच्या आत गेली नव्हती. थांबावं, तर नवरा-बायको मिळून एक कोयता. अर्धा कोयता कुठलाच मुकादम ट्रकात घेत नाही. ती थांबली की तिचा नवरा रामकिसनही घरी, आणि चूलही गार.

निघायच्या आदल्या दिवशी ती दुकानात आली.

"अप्पा, मी जाती उसाला. माजं तोंड हितं ठिवून जाऊ द्या."

अप्पानं तिला कापडाच्या ठाणांपुढं बसवलं. कॅमेरा सुरू झाला तशी ती पदर सावरून ताठ झाली.

"पेठेतल्या माणसांनू, आमी गावात नसताना आमच्या कार्डावरचं राकेल कोन नेतं? गाव सोडून चार-पाच म्हैने आमी बाहीर. आमच्या घराला कुलूप. मग दुकानातलं राकेल संपतंच कसं? माजं काय चुकलं आसंल तर सांगा. न्हाईतर मत द्या."

"झालं?" अप्पानं विचारलं.

"झालं की. आनखी काय सांगू, माज्या सासूच्या गोष्टी?" ती हसली. मग दारात वळून म्हणाली, "लावताल ना पर?"

"मोजून लावतो."

ट्रक गेला. अप्पा कौशल्याबाईच्या भाषणासाठी सुंदररावाकडं निरोपावर निरोप धाडत राहिला. शेवटी सुंदरराव स्वतःच दुकानात आला, चहा मागितला, बशीत ओतला.

"आमच्या घरातल्या बाया केमेऱ्यापुढं येत न्हाईत, अप्पा. तुमाला म्हाईत हाय."

"मग दादा, तुमीच बोला तिच्याऐवजी. ह्या बारीला चालवून घेऊ."

"मी? मी कसा बोलू?" सुंदररावानं भिंतीकडं बोट केलं. "उमेदवारानं सोता. तुमीच आनलाय त्यो कागद."

"मग कडूबाईची लावतो."

"खालची ओळ वाचा की." बशी फुंकून त्यानं चहा संपवला. "चहा लई झ्याक."

अप्पा तालुक्याला गेला. साहेब म्हणाला, "तुम्हीच मागितलं होतं ना हे? दुसरी बाजू आणा, खुशाल दाखवा." दुसरी बाजू आणायला मग शांतादेवी, अप्पाची बायको, हळदीकुंकवाचं निमित्त करून सुंदररावाच्या घरी गेली. कौशल्याबाई तिला न्हाणीजवळ घेऊन गेली आणि हळू म्हणाली, "बोलन की मी. मला कसलं भेव हाय त्या डब्याचं? पर बया, मला काय बोलायचं हाय ते इचारलंय का कुनी? त्यांनी फारम आनला, म्या आंगठा दिला."

मतदान तोंडावर आलं. शांतादेवी म्हणाली, "अहो, लावा की. न्हेली छत्री तर न्हेली. आपल्या आज्यानं काय छत्रीवर दुकान थाटलं व्हतं?"

अप्पानं कॅसेट मशीनवर ठेवली, उचलली, परत ठेवली. "आज मी तिच्यापायी कागद मोडला तर उद्या सुंदरराव मोडील."

"त्याला मोडायची गरजच कुठं ठिवली तुमी?"

त्या संध्याकाळी पेठेतल्या टीव्हीवर धार्मिक पिक्चर लागला. कुणाचीच बाजू नव्हती. कागद तंतोतंत पाळला गेला. भाषणाविना पेठेनं नेहमीसारखं ओळखीच्या आडनावाला मत दिलं. कौशल्याबाई निवडून आली, गुलाल सुंदररावाच्या अंगावर पडला.

उन्हाळा तापायला लागला तेव्हा ट्रक परत आले. कडूबाई दुकानात आली ती पोरीला परकराचं कापड घ्यायला. निकाल तिला उसाच्या फडातच कळला होता.

"लागली व्हती का माजी कॅसेट?"

अप्पानं नकाराची मान हलवली. कागद, साहेब, कौशल्याबाई, सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मला तर दावा. म्या बी पाह्यली न्हाई."

अप्पानं लावली. दुकानात ती, अप्पा आणि शांतादेवी. कडूबाई स्वतःकडं कुणी परकी बाई बघावी तशी बघत राहिली.

"लई जोरात बोलले की मी," ती म्हणाली. मग, "काडा ती. तिच्यावर पिच्चर भरा एखांदा. कावून वाया घालवता?"

कापड मोजताना अप्पाचा हात सैल सुटला. आयुष्यात पहिल्यांदा. कडूबाईनं गज धरला. "नीट मोजा अप्पा. मला जास्तीचं नगं."

कॅसेटवर अप्पानं पिक्चर भरला नाही. पण केबलीवरचं त्याचं मन उडालं. बंकट घ्यायला तयारच होता. छत्री, मशीन, खोक्यातल्या सगळ्या कॅसेटी एकदमच गेल्या. मग रोज सुंदरराव. सुंदरराव विहिरीचं उद्घाटन करताना, सुंदरराव सत्कार घेताना. दुसऱ्या बाजूचं काय, म्हणून अप्पा काचेतला कागद घेऊन तालुक्याला जाऊन आला. साहेब नवा होता. "हे निवडणुकीपुरतं होतं हो. आता कुठं निवडणूक आहे?" अप्पानं घरची वायर स्वतःच्या हातानं तोडली. शांतादेवी टीव्ही बघायला शेजारी जाऊ लागली.

पुढच्या दिवाळीनंतर सुंदररावाचा वाढदिवस आला, तो बंकटनं कॅसेट भरून दाखवला. हार, फटाके, पेढे. भरायला त्यानं खोक्यातली हाताला लागेल ती जुनी कॅसेट घेतली होती. वाढदिवस संपला, पडद्यावर मुंग्या आल्या, आणि मुंग्यांतून कडूबाई निघाली. "...मग दुकानातलं राकेल संपतंच कसं?" एवढंच. बंकटनं वायर ओढली. साऱ्या पेठेनं ते पाहिलं, ऐकलं. कुणीतरी हसलं. बाकीचे जेवत होते, ते जेवत राहिले.

शांतादेवीनं घरी येऊन सांगितलं. पुढच्या आठवड्यात राकेल आलं तेव्हा पेठेतली माणसं डबे घेऊन बंकटच्या दुकानापुढं रांगेत उभी होती. वस्ती उसाला गेलेली होती, तिच्या कार्डांवरचं राकेल मात्र आलेलं होतं. कुणाला काही कमी पडलं नाही.