जेठ दारात उभे असताना

फोन आला तेव्हा मी उधन्याच्या शाळेत हजेरी घेत होते. "काकू पडली..." एवढंच कळलं. चौथ्या दिवशी ती गेली. आता महिना होईल, आणि येणारा प्रत्येक जण एकच ऐकवतो, "वय झालं होतं, पडली." वय झालं म्हणून माणूस पडतो का हो? ऐकलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

काकू माझी चुलत सासू. काका गेल्यावर नवागामच्या दोन खोल्यांत एकटी राहायची. साड्यांना टिकल्या लावून तिनं दोन पोरींची लग्नं केली. तोंडाची अशी फटकळ, की भाजीवाला तिला बघून आधीच भाव उतरवायचा. मागं एकदा मोरीत घसरली, तेव्हापासून मी तिच्या घराच्या हात धुऊन मागे लागले. मोरीत धरायला दांडा बसवला, सरकणारं पायपुसणं फेकलं, नवा चष्मा करून आणला. रक्तदाबाच्या गोळीनं तिला उठताना चक्कर यायची. डॉक्टरांनी बजावलं होतं, आधी पाय खाली सोडून जरा बसायचं, मग सावकाश उठायचं. ऐकायचीसुद्धा ती... फक्त सकाळच्या चहाची वेळ सोडून.

त्या वेळी समोरच्या घरातून माझे सासरे, आप्पा, तिच्याकडे चहाला यायचे. ते तिचे जेठ, नवऱ्याचे थोरले भाऊ. आम्हा खानदेशी बायकांनी जेठासमोर बसायचं नाही! ते दारात आले रे आले, की गुडघे गेलेली ही बाई पदर ओढत ताडकन उभी. मी किती भांडले. "जेठ दारमा उभा, नि मी खाटवर बठी राहू का व माय?" म्हणायची, वर मलाच हसायची. त्या दिवशी तशीच उठली, भोवळ आली, आणि ओट्याचा कोपरा डोक्यात बसला. आप्पा दारातच होते.

माझा राग माझ्यावरही आहे. भांडले ती तिच्याशी. आप्पांपुढे शब्द काढायची छाती झाली नाही, मीही त्यांची सूनच ना! परवा मात्र राहवलं नाही. म्हटलं, "आप्पा, एकदा 'बस' म्हणाला असतात तर ती आज असती."

आप्पा म्हणाले, "चक्कर येते, हे तिनं मला सांगायचं होतं ना."

जेठाशी बोलायचं नाही, हीही आमचीच रीत. पन्नास वर्षांत काकू त्यांच्याशी एक शब्द बोलली नव्हती.