प्रभाकरदादांच्या नावापुढचं ‘डॉ.’

फोनवर निरोप आला तेव्हा मी खिडकीशी बसून तांदूळ निवडत होते. ‘आपले लाडके रेव्हरंड डॉक्टर पी. एस. कांबळे आज सकाळी प्रभूमध्ये निजले. अंत्यविधी दुपारी.’ वाचला आणि फोन बाजूला ठेवला. मुंबईचे कुणी मोठे पाळक गेले असतील, असं वाटलं. देव त्यांना शांती देवो, असंही मनात म्हणून झालं. मग खाली मिरजोळ्याचा पत्ता होता तो डोळ्यांसमोर आला, आणि मांडीवरचं सूप खाली ठेवलं. पी. एस. कांबळे म्हणजे प्रभाकरदादा. ज्या माणसाला मी इतकी वर्षं दादा म्हणून हाक मारली, त्याच्या मरणाची बातमी मला पहिल्या वाचनात कळली नाही... नावापुढच्या त्या ‘डॉक्टर’मुळे.

आमचं घर तीन पिढ्यांचं ख्रिस्ती. रत्नागिरीतच वाढले, इथल्याच शाळेत मराठी शिकवलं. नवऱ्यापासून वेगळी झाले तेव्हा आमच्या जुन्या चर्चच्या पाळकांनी मला आत बोलावून अगदी हळू आवाजात सांगितलं, “प्रभुभोजनाला तुम्ही पुढं न आलेलं बरं.” मी पुढं गेले नाही, आणि मग तिकडे गेलेच नाही. बऱ्याच वर्षांनी माझ्या वर्गातल्या एका मुलीची आई, काजूच्या कारखान्यात काम करणारी, मला मिरजोळ्याला घेऊन गेली. औद्योगिक वसाहतीच्या कडेला पत्र्याची शेड, पूर्वी तिथं बर्फ ठेवत असत. खाली सतरंज्या. कारखान्यातल्या बायका, बंदरावरची माणसं, दुसरीकडून निघून आलेले, काढून टाकलेले. मी सवयीनं दाराशी बसले. प्रभुभोजनाची भाकर मोडायची वेळ आली तशी मी मान खाली घातली. प्रभाकरदादा ताटली घेऊन थेट दाराशी आले. म्हणाले, “बाई, मागं बसलात तरी चालतं. भाकर तिथपण येते.”

दादा राजापूरकडचे, बौद्ध घरातले. तरुणपणी मुंबईत एका छापखान्यात राखणदार होते, तिथं एका प्रार्थनासभेत जाऊ लागले आणि पुढं पाळक होऊन परत आले. घरी आईला सांगितलं तेव्हा ती रडली नाही, भांडलीही नाही. ती म्हणाली, “तू खय जातंस ता तुझा तू बघ. पण कोणाक वर नि कोणाक खाली बसवू नको.” ही गोष्ट ते वारंवार सांगत. म्हणून आमच्या मंडळीत, म्हणजे त्या शेडमधल्या चर्चमध्ये, खुर्च्या नव्हत्या, आणि सगळे एकमेकांना दादा नाहीतर ताई. मला बाई म्हणत तेवढाच अपवाद. कुणी त्यांना रेव्हरंड म्हटलं की ते हसून म्हणत, “आमच्या नावामागं काय लागतं ते विचारून लोक पाणी द्यायचं की नाही ते ठरवीत. आता नावापुढं पण काही नको.”

सगळ्यांना दार उघडं ठेवणाऱ्या अशा लहान लहान मंडळ्यांचा एक संघ आहे. मुंबईला त्याची कचेरी आहे. संघानं ठरवलं की आपल्याच पाळकांना आपणच मानद डॉक्टरेट द्यायची. बातमी घेऊन दादा माझ्याकडे आले. पडवीत बसले आणि म्हणाले, “बाई, ह्याला विरोध झाला पाहिजे. वार्षिक सभा यंदा आपल्याकडेच आहे. तुम्ही बोला. तुमच्या जिभेला धार आहे. मी पाठीशी आहे.”

त्या दिवसांत आम्ही दोघांनी मिळून एकेक मुद्दा घासून काढला. पदवी विद्यापीठानं द्यावी. अभ्यास केला तर ती पदवी, सेवा केली तर ते कर्तव्य. घरच्यांनीच घरच्यांना गौरवायचं ते बंद खोलीत एकमेकांना हार घालण्यासारखं. आणि ज्या मंडळीत कुणी वर बसत नाही, तिथं पाळकाला झगा चढवला की पहिली पायरी बांधली गेली. हे पायरीचं वाक्य दादांचं होतं.

सभेला शेड भरली होती. मी उभी राहून बोलले. मग रेश्मा उठली. रेश्मा तृतीयपंथी, आमच्या मंडळीतली पहिल्यापासूनची. ती शांतपणे म्हणाली, “बाई, तुमच्याकडं शिक्षण आहे. तुम्हाला बाई म्हणतात त्यातच सगळं आलं. आमच्यासारख्यांना कुठल्या धर्मशिक्षणाच्या कॉलेजानं दारात उभं केलं असतं? दुसरे देत नाहीत, तर आपल्यांनी पण द्यायचं नाही?”

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. माझ्याकडे त्याला उत्तरही होतं, की ज्यांनी दार लावलं त्यांच्याच दाराची नक्कल आपण का करायची. पण हे उत्तर माझ्या तोंडून शोभणारं नव्हतं. ते दादांनी द्यायला हवं होतं. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते सतरंजीचा दोरा ओढत बसले होते. मी म्हटलं, “दादा, तुम्ही बोला.” सगळे त्यांच्याकडे वळले. ते उठले नाहीत.

अध्यक्षांनी हसून सांगितलं की बाईंच्या भावना आपण समजू शकतो, पण पहिल्या मानकऱ्यांची संमती कधीचीच आलेली आहे. मग नावं वाचली. दादांचं नाव दुसरं होतं. म्हणजे माझ्या पडवीत बसून ते पायरीचं वाक्य बोलले तेव्हा त्यांचा होकार मुंबईला पोचलेला होता. लाल झगा आणला गेला. दादा उठले, हात वर केले आणि दोघांनी तो त्यांना चढवला. मी अजून उभीच होते. टाळ्या सुरू झाल्यावर उभं राहणं म्हणजे मान देणं होतं आणि बसणं म्हणजे हार मानणं. मी बाहेर पडले.

त्यानंतर मी मिरजोळ्याला गेले नाही. रेश्मा अधूनमधून बाजारात भेटायची. तिनं सांगितलं, शेडवर पाटी लागली, ‘डॉ.’ ठळक अक्षरांत. वसाहतीतली एक परप्रांतीय बाई तापानं फणफणलेलं पोर घेऊन दारात आली, डॉक्टर कुठं आहेत विचारत. दादा तिला रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात घेऊन गेले आणि संध्याकाळपर्यंत तिथंच थांबले. “पण पाटी नाही काढली,” रेश्मा म्हणाली.

शेवटची भेट माझ्याच घरी झाली. दादा खूप वाळले होते. पाणी प्यायले, आणि मी काही विचारायच्या आत म्हणाले, “मला वाटलेलं, तुम्ही ते हाणून पाडाल. मला नाय म्हणता येत नव्हतं, म्हणून तुमच्याकडं आलो.”

“आणि मला सांगितलं नाहीत.”

“सांगितलं असतं तर तुम्ही बोलला नसतात.”

“मग आता परत करा.”

“ते प्रमाणपत्र आईनं गावच्या घरात भिंतीला लावलंय. तिला वाचता येत नाय. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवते. आता काढलं तर विचारील, कोणी काढून घेतलं? तिच्याकडून लोकांनी आजवर काढूनच घेतलंय, बाई...”

ह्यानं माझा राग गेला, असं मी लिहिणार नाही. आईसाठी त्यांनी पदवी घेतली असेल. मला पुढं करून स्वतः खाली बसून राहिले, ते आईसाठी नव्हतं. तसं मी त्यांना म्हणाले. त्यांनी मान हलवली. फाटकापर्यंत गेले, वळून म्हणाले, “रविवारी या.” मी गेले नाही. पुढच्या आठवड्यात तो निरोप आला.

अंत्यविधीनंतर दोन रविवार गेले, तेव्हा मी मिरजोळ्याला गेले. नवे पाळक मुंबईहून आले आहेत, तेही डॉक्टर. त्यांच्यासाठी खुर्ची ठेवली होती. प्रवचन चांगलं झालं. भाकर रांगेनं पुढं जाऊन घ्यायची होती. मी गेले, घेतली.

दादांची एक सवय होती. प्रार्थना सुरू व्हायच्या आधी, सगळे आत बसले की ते दाराबाहेर जाऊन प्रत्येकाच्या चपला बाहेरच्या दिशेनं वळवून ठेवत. निघताना कुणाला वाकायला, वळायला लागू नये म्हणून. म्हातारी माणसं असत, कडेवर पोरं असलेल्या बाया असत. सभेच्या दिवशीही त्यांनी ते केलंच असणार, कारण मी तिरीमिरीत बाहेर आले तेव्हा पाय थेट चपलांत गेले होते आणि मी न थांबता रस्त्याला लागले होते.

ह्या रविवारी बाहेर आले. चपलांची तोंडं शेडच्या भिंतीकडे होती, जशी काढली तशीच. माझ्या पुढची म्हातारी एका पायावर डुगडुगत वळत होती. मी तिला दंडाला धरलं, आणि ती चपला घालीपर्यंत तशीच उभी राहिले.