मॅडमना आवडलेली बोली

एप्रिलच्या दुपारी विभागातला कूलर सुरू झाला की निम्मा वर्ग गुंगीत जायचा. वाळ्याचा ओला वास, पाण्याची टपटप, आणि त्यात मॅडमचं संथ इंग्रजी. इंग्रज साहेब गेले, पण त्यांची नजर आपल्या डोळ्यांत राहून गेली, असं काहीतरी त्या सांगत असायच्या. मला ते अर्धं कळायचं, अर्धं स्वप्नात ऐकल्यासारखं वाटायचं. पण आवडायचं फार. राज्यशास्त्रात एमए करायला मी कळमेश्वरहून रोज एसटीने नागपूरला येत होते, आणि कोणीतरी माझ्याच गावाबद्दल बोलतंय असं पहिल्यांदाच वाटत होतं.

वर्षभर मी वर्गात तोंड उघडलं नव्हतं. उघडलं की 'मले', 'तुले' बाहेर पडणार आणि मागच्या बाकावर खीखी सुरू होणार, हे ठरलेलं. मग एके दिवशी मॅडम म्हणाल्या, "आपापल्या भाषेत बोला. ज्ञान काय फक्त इंग्रजीतच असतं?" हेही त्या इंग्रजीतच म्हणाल्या, असो.

मी उभी राहिले. "आमच्या गावाजवळ कारखान्यासाठी जमीन घेतली, मॅडम. कागदावर पडीत लिहून होती. पन तिथं आमच्या म्हशी चरत होत्या, बाया सरपन आनत होत्या. मंग पडीत कशी? इंग्रजाच्या काळात कोनीतरी लिहून ठेवलं, अन् आपन अजून तेच वाचून राहिलो."

मागे कोणीतरी हसलं. मी गर्रकन वळले. "काहून हासून राहिला गा? तुले समजलं काय, मी काय म्हनलं ते?"

मी तरंगतच खाली बसले. वाटलं, आता मॅडम जमिनीबद्दल विचारतील. त्यांचे तर डोळेच पाणावले होते. "किती गोड! किती अस्सल!" त्या म्हणाल्या. "पुढच्या आठवड्यात चर्चासत्राला बाहेरचे पाहुणे येताहेत. तू अगदी अशीच बोल. काही बदलू नकोस हं."

जमिनीबद्दल चकार शब्द नाही! माझं डोकंच फिरलं. म्हणजे मी काय बोलले ते गेलं उडत, कशी बोलले तेवढंच यांना हवं. जत्रेतली बाहुली आहे काय मी?

तो आठवडाभर बसमध्ये डोळे मिटून मी पुस्तकी मराठी घोटत राहिले. संत्र्यांचे बगीचे मागे सरायचे, पापण्यांवर ऊन यायचं, आणि 'तथापि', 'परिणामी', 'अधोरेखित' असले शब्द पेंगतानाही ओठांवर यायचे. चर्चासत्रात मी तोच मुद्दा अशा कडक इस्त्रीच्या भाषेत मांडला की मॅडमचा चेहरा उतरला. एका पाहुण्यांनी मात्र जमिनीबद्दल विचारलं. खोदून खोदून विचारलं. मी जिंकले होते. इतका आनंद झाला होता की परतीच्या बसमध्ये आपण नेमकं कुठे आहोत हेही मला कळत नव्हतं.

घरी आले तेव्हा माय ओट्यावर गहू निवडत बसली होती.

"कसं झालं वं?" तिने विचारलं.

"उत्तम झालं. पाहुण्यांनी माझ्या मांडणीची विशेष दखल घेतली," मी म्हणाले.

मायचा हात सुपातच थांबला. माझ्याकडे बघत ती हळूच म्हणाली, "काहून वं अशी बोलून राहिली माह्याशी? माह्या हातून काही चुकलं काय?"

नाही वं माय, म्हणायला मी तोंड उघडलं, आणि रडूच फुटलं.